गेम न चालवता गेमच्या डेटा फाईल लिहिणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

ज्यांना फाईल लिहिता येते, पण चालवून बघता येत नाही, त्यांच्यासाठी. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. घरातला लॅपटॉप कॉलेजच्या प्रोजेक्टपुरता, त्यात गेम सुरूच होत नाही. ज्याच्याकडे गेम आहे तो मित्र पुण्यात नाहीतर बेंगळुरात नोकरीला. किंवा घर जांबोटी-कणकुंबीकडे, म्हणजे पावसाळ्यात वीज आणि रेंज यांपैकी एक असली तरी नशीब. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे हल्याळ-जोयडा भागातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गेम चालवताच येत नसेल तर लिहायचं कशाला? उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार नाही का हा?

थोडाफार आहेच. पण हल्लीच्या अनेक गेममध्ये वस्तू, शत्रू, पाककृती, संवाद हे सगळं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळं, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवलेलं असतं. ‘कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड’मधल्या वस्तू आणि प्राणी जेसॉन या नाव-मूल्याच्या जोड्या लिहायच्या पद्धतीत असतात. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ची स्वतःची डब्ल्यूएमएल नावाची खुणांची भाषा आहे. ‘रिमवर्ल्ड’ एक्सएमएल ही खुणांची भाषा वापरतो. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत २०१८ पासून डेटापॅक, म्हणजे अशा फाईलींचे गठ्ठे आहेत. अशा मजकुरातल्या बऱ्याचशा चुका गेम उघडण्याआधीच सापडण्यासारख्या असतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कास्टिंग मशीनवर चढवण्याआधी व्हर्निअर लावून मोजतात ना, तसंच हे. मोजून कळण्यासारखी चूक मशीनवर गेल्यावर सापडली तर दोष मशीनचा नसतो.

उरतं ते फक्त खेळून कळतं. लढाई कंटाळवाणी होते का, दुकानदार फार बडबडतो का, हे कागदावर दिसत नाही. तेवढंच चाचणी करणाऱ्यासाठी, म्हणजे ज्याच्याकडे गेम आहे त्या मित्रासाठी ठेवायचं. स्वल्पविराम शोधायला त्याला बसवणं म्हणजे त्याचा रविवार फुकट घालवणं.

प्रोग्रामिंग यायला हवं का?

नाही. काटेकोरपणा हवा. ज्याला किराणा दुकानाची उधारीची वही नीट ठेवता येते त्याला हे जमतं.

सुरुवात कोऱ्या फाईलने करू का?

अजिबात नको. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

गेमसोबत येणारी, चालते हे माहीत असलेली फाईल घ्या आणि तुम्हाला हवी त्याच्या सगळ्यात जवळची वस्तू शोधा. कोयता लिहायचा असेल तर गेममधली सुरी घ्या, जादूची काठी नको. तिची नक्कल करा. आधी फक्त आयडी (गेम वस्तूला ज्याने ओळखतो ते आतलं नाव) आणि दिसणारं नाव बदला. मग एकेक आकडा. जी ओळ कशासाठी आहे ते कळत नाही ती तशीच राहू द्या. खुल्या स्रोताच्या गेमच्या फाईल गिटहब या साइटवर ब्राउझरमध्येच वाचता येतात, गेम उतरवूनही घ्यावा लागत नाही.

काही गेममध्ये नक्कल करण्याचीही गरज नसते. कॅटॅक्लिझममध्ये ‘कॉपी-फ्रॉम’ लिहून जुन्या वस्तूचा वारसा घेता येतो, मग फक्त फरक लिहायचा. रिमवर्ल्डमध्ये तेच काम ‘पॅरेंटनेम’ करतं. चाचणी करता येत नसताना ही सोय सोन्यासारखी आहे, कारण तुम्ही लिहिलेल्या ओळी जितक्या कमी तितक्या चुकायच्या जागा कमी.

मनाने नवी ‘की’ (म्हणजे फाईलमध्ये प्रत्येक मूल्याआधी येणारं ठरलेलं नाव) तयार करू नका. ‘विषारीपणा’ अशी की असावी असं वाटतं म्हणून ती असते असं नाही. गेमच्या सगळ्या फाईलमध्ये ती शोधा. एकदाही सापडली नाही तर ती नाही, असं धरून चाला. कित्येक गेम अनोळखी की दिसली तरी तक्रार करत नाहीत, सरळ ओलांडून पुढे जातात. मग वस्तू गेममध्ये येते, दिसते, उचलता येते आणि विष मात्र चढत नाही. क्रॅश परवडला. क्रॅश निदान ओरडून सांगतो.

ही फाईल का चालत नाही?

हा प्रश्न बहुधा स्क्रीनशॉटसकट येतो. म्हणून एक नमुनाच घेऊ. समजायला सोपं जावं म्हणून की मराठीत लिहिल्या आहेत, खऱ्या फाईलमध्ये त्या गेमने ठरवलेल्या इंग्रजीतच लागतात.

{
  "आयडी": "कुंदा",
  "नाव": “बेळगावी कुंदा”,
  "वजन": "२५० ग्रॅम",
  "किंमत": ०७५,
  "चव": ८,
  "किंमत": ९०,
}

वरून खाली येऊ. ‘नाव’च्या ओळीत ‘बेळगावी कुंदा’भोवतीची अवतरणचिन्हं वाकडी, म्हणजे गोलसर आहेत. वर्डमधून किंवा आयफोनच्या कीबोर्डवरून मजकूर आला की असं होतं. जेसॉनला फक्त सरळ दुहेरी चिन्ह कळतं. पहिल्या ‘किंमत’मध्ये आकड्याआधी शून्य आहे, ते जेसॉनमध्ये चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट, आकडेच देवनागरी आहेत. अवतरणाबाहेरचा आकडा इंग्रजी अंकांतच हवा. ‘वजन’चं प्रकरण जास्त फसवं आहे: ते अवतरणात असल्यामुळे जेसॉन तपासनीस खूष होईल, पण आतला आकडा वाचायला गेलेला गेम अडकेल. (कॅटॅक्लिझममध्ये वजन असंच एककासकट अवतरणात लिहायचं असतं, म्हणून हा नमुना.) ‘किंमत’ दोनदा आली आहे. जेसॉनच्या २०१७ च्या मानकानुसार नावं एकमेकांपेक्षा वेगळी असायला हवीत, पण तशी नसतील तर काय करायचं ते प्रत्येक प्रोग्रॅमवर सोडलं आहे. बहुतेक ठिकाणी शेवटची किंमत जिंकते आणि कोणी काही बोलत नाही. शेवटच्या ओळीनंतरचा स्वल्पविराम जादा आहे. आणि टिपा लिहायची सवय असेल तर ती जेसॉनपुरती सोडा, त्यात टिपेला जागाच नाही.

यामल आणि एक्सएमएलचं काय?

यामल ही जेसॉनसारखीच मजकूर लिहायची आणखी एक पद्धत. तिच्यात ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, जागाच सोडाव्या लागतात. जुन्या १.१ आवृत्तीत अवतरणाशिवाय लिहिलेलं इंग्रजी ‘नो’ म्हणजे ‘खोटं’ असं वाचलं जातं. नॉर्वे देशाचा दोन अक्षरी कोड तोच असल्यामुळे हा घोटाळा जगभर गाजलाय. २००९ च्या १.२ मध्ये तो सुधारला, पण तुमचा गेम कुठली आवृत्ती वाचतो ते तुमच्या हातात नाही. तेव्हा शंका आली की अवतरण लावा.

एक्सएमएलमध्ये उघडलेली प्रत्येक खूण बंद करावी लागते, लहान-मोठी लिपी तंतोतंत जुळावी लागते आणि ‘आणि’साठीचं इंग्रजी चिन्ह नुसतं लिहिता येत नाही. ‘राम आणि सन्स’ अशा धर्तीची दुकानांची नावं टाकताना नेमकं तेच चिन्ह येतं.

तपासायचं कसं आणि कशाने?

पहिली पायरी व्याकरणाची. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत जेसॉन तपासायचं साधन फुकटच येतं, ते चूक कुठल्या ओळीत आणि कितव्या अक्षराला आहे तेही सांगतं. व्हीएस कोड हा फाईल लिहायचा एडिटर ब्राउझरमध्येही उघडतो आणि चुकीखाली लाल रेघ मारतो. गेमने स्कीमा (कुठल्या की चालतात ते सांगणारी फाईल) दिला असेल तर तो जोडा, मग कीचं स्पेलिंग चुकलं तरी रेघ येते.

दुसरी पायरी नात्यांची. इथे जास्त वेळ द्या. पाककृती म्हणते ‘दूध लागेल’. दूध नावाची वस्तू खरंच आहे का? त्याच आयडीने आहे का? यासाठी दोन याद्या करायच्या: एकीत फाईलमध्ये जन्माला घातलेले सगळे आयडी, दुसरीत कुठेही उल्लेख केलेले सगळे आयडी. दुसरीत आहे पण पहिलीत नाही, ती तुटलेली नाती. पहिलीत आहे पण दुसरीत नाही, ते अनाथ: वस्तू आहे, पण गेममध्ये ती मिळण्याची वाटच नाही. थोडंफार पायथॉन येणाऱ्या कुणाकडूनही तासाभरात हे करून मिळतं. वस्तू मोजक्याच असतील तर वहीत दोन रकाने आखूनही जमतं, त्यात कमीपणा काही नाही.

संवादांनाही हेच लावा. ‘पुढे जा: क्रमांक १४’ असं लिहिलंय आणि १४ नंबरचा संवाद नाही, किंवा आहे पण तिथून बाहेर पडायची वाट नाही, हे खेळल्याशिवाय दिसतं. फक्त प्रत्येक संवादापुढे बाण काढून बघायचा कंटाळा नको.

तिसरी पायरी अर्थाची. तिच्याबद्दल आकड्यांच्या प्रश्नात बोलू.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. चालेल की नाही?

चालेल की. अँड्रॉइडवर पायड्रॉइड किंवा टर्मक्स टाकलं की पायथॉन मिळतो, म्हणजे वरच्या दोन्ही पायऱ्या मोबाईलवर होतात. कीबोर्डची शब्द आपोआप सुधारायची सोय मात्र बंद करा. ती आयडीला सुधारत बसते.

व्हॉट्सॲपवर फाईलमधला मजकूर मेसेज म्हणून चिकटवू नका. दोन अंडरस्कोरमधला शब्द तिथे तिरपा होतो, ताऱ्यांमधला ठळक होतो आणि चिन्हं नजरेआड जातात. समोरच्याला जे दिसतं ते तुम्ही लिहिलेलं नसतं. फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अनेक असतील तर झिप करून.

वस्तूंची यादी एक्सेलमध्ये केली आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) काढली. आता सगळी प्रश्नचिन्हं दिसतात.

सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरी टिकत नाही.

एक्सेलची दुसरी खोड मोठी आहे. ‘३-४’ असं नुकसान इंग्रजी आकड्यांत लिहिलं की त्याची तारीख होते आणि आयडीच्या सुरुवातीची शून्यं गळतात. ही तक्रार आपल्यासारख्या हौशी लोकांचीच आहे असं समजू नका. मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकत होतं, शेवटी २०२० मध्ये नाव ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवा.

अजून एक खाचखळगा. तपासायचा स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) पायथॉनमध्ये असेल तर पायथॉन ‘१२’ हा देवनागरी आकडा मुकाट्याने बारा म्हणून वाचतो. तुमची तपासणी हिरवी दाखवेल आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेला गेम तिथेच अडेल. स्क्रिप्टमध्ये देवनागरी अंक शोधून ओरडणारी एक ओळ मुद्दाम घाला.

आयडी मराठीत ठेवले तर काय बिघडतं? गेम आपला, भाषा आपली.

भावना मान्य. तरी आयडी इंग्रजी लहान लिपीत, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यावरच ठेवा. माइनक्राफ्टसारखे गेम देवनागरी आयडी स्वीकारतच नाहीत. एखाद्या गेमने स्वीकारलं तरी देवनागरीत एकसारखे दिसणारे शब्द आतून वेगळे असू शकतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या सवयीने लोक ‘अ’ला वर चंद्र जोडून लिहायचे, अजूनही काही कीबोर्ड तेच करतात. दिसायला सारखं, तुलनेत वेगळं. ‘दऱ्या’मधला ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो. जोडाक्षरांसाठी वापरलेली अदृश्य जोडचिन्हं तर डोळ्यांना दिसतच नाहीत. दोन फाईल दोन वेगळ्या फोनवर लिहिल्या की आयडी जुळत नाही आणि आपण दोन्हीकडे बघून म्हणतो, अरे, तेच तर आहे!

शिवाय दिसणारं नाव कधीही बदलू शकतं, आयडी बदलता कामा नये. आपल्याच शहराचं बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी ‘बेळगावी’ झालं, पण रेल्वे स्टेशनचा कोड बीजीएम तो बीजीएमच राहिला, आणि आपण घरी बेळगावच म्हणतो. फाईलमध्ये हेच करा. आयडी कायम ठेवा, नाव हवं तेव्हा बदला.

फाईलच्या नावांनाही हा नियम. विंडोज लहान-मोठी लिपी एक मानतो, लिनक्स मानत नाही. तुमच्याकडे सापडणारी चित्राची फाईल चाचणी करणाऱ्याकडे हरवते, ती यामुळे.

मराठी नावं चौकोन-चौकोन दिसतात, किंवा ‘कि’मधली वेलांटी उलट्या बाजूला जाते. माझी फाईल चुकली का?

बहुधा नाही. चौकोन म्हणजे गेमच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. वेलांटी उलटी म्हणजे फाँट आहे, पण अक्षरं जुळवणारा भाग इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्याच्यावर बांधलाय त्या प्रोग्रॅममध्ये नाही. युनिटी इंजिनातला मजकूर दाखवणारा टेक्स्टमेशप्रो हा भाग हे काम स्वतःहून करत नाही, गोडो इंजिनात २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते होतं. डेटा फाईल लिहून हे दुरुस्त होणार नाही. लोक मग वेलांटी आधी टाइप करून ‘बरोबर दिसेल’ असा मजकूर लिहितात. कृपा करून तसं करू नका. उद्या इंजिन सुधारलं की सगळा मजकूर बाद.

लांबी मात्र तुमच्या हातात आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त हेही त्यात मोजले जातात. ‘येळ्ळूर’ डोळ्याला छोटं दिसतं, पण त्यात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. गेमने नावाला ३२ बाइटची मर्यादा घातली असेल तर ‘येळ्ळूरचा राजहंसगड’ मधेच तुटणार.

डीटीपीवाल्याकडून मजकूर टाइप करून घेतला, तो फाईलमध्ये टाकला की अगम्य इंग्रजी अक्षरं येतात.

तो जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे. छपाईच्या दुकानांत तसे फाँट अजून रोजच्या वापरात आहेत. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालाच. मजकूर थोडा असेल तर पुन्हा टाइप करणं स्वस्त पडतं.

‘शिपाई ने तलवार ने लांडगा ला मारलं’ असं वाक्य येतं. काय करू?

गेमचा मूळ मजकूर इंग्रजीत जुळवलेला असतो: रिकाम्या जागा, त्यात नावं. मराठीत नावाचं सामान्यरूप होतं. शिपायाने, तलवारीने, लांडग्याला. गेमला ते माहीत नाही आणि तुम्हाला चालवून बघता येत नाही, म्हणून ही चूक शेवटपर्यंत लपून राहते.

वाट पहिली: नाव न बदलता चालेल असं वाक्य रचा. ‘हल्ला: शिपाई. हत्यार: तलवार. लक्ष्य: लांडगा.’ थोडं रुक्ष आहे, पण चुकत नाही. क्रियापदाचंही तसंच. लांडगा मेला, वाघीण मेली, अस्वल मेलं. तीन लिंगांसाठी तीन ओळी लिहायची सोय नसेल तर ‘ठार’ वापरा. लांडगा ठार, वाघीण ठार, अस्वल ठार. वाट दुसरी: गेम परवानगी देत असेल तर प्रत्येक वस्तूला सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवा: तलवारी, कोयत्या, लांडग्या. मेहनत आहे, पण वाचताना गेम मराठी माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. मला दुसरी वाट आवडते, मात्र वस्तू शंभराच्या वर गेल्या की मी पहिलीच सुचवतो.

तपासायला सोपा उपाय: वाक्यातल्या रिकाम्या जागेत हाताने पाच नावं घालून मोठ्याने वाचा. एक आकारान्त पुल्लिंगी (लांडगा), एक ईकारान्त (शिपाई), एक अकारान्त स्त्रीलिंगी (तलवार), एक नपुंसकलिंगी (अस्वल) आणि एक अनेकवचनी (बाण). पाचही नीट वाचली गेली तर वाक्य पाठवा.

कन्नडमध्येही द्यायचं आहे. मराठीवरून करू की इंग्रजीवरून?

मूळ ज्या भाषेत असेल तिच्यावरून. आपल्याकडे दोन्ही भाषा घरात-बाजारात चालतात, त्यामुळे मराठीवरून भरभर होतं खरं, पण मराठीतली चूक तिकडेही जाते. फाईलीत एकच काळजी: कन्नड ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खालची अक्षरं) ओळीखाली उतरतात. बटणाची उंची इंग्रजीपुरती ठेवली असेल तर ती कापली जातात. चाचणी करणाऱ्याला खास त्याचाच स्क्रीनशॉट मागा. आणि तो ज्याला कन्नड वाचता येतं त्याला दाखवा, शहापूर-वडगावात असा शेजारी शोधावा लागत नाही.

आकडे कसे ठरवायचे? न खेळता बॅलन्स कळणार कसा?

पूर्ण कळणार नाही. तरी अंदाजपंचे लिहिण्यात आणि हिशेब करून लिहिण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी एकक बघा. माइनक्राफ्टमध्ये वेळ टिकमध्ये मोजतात, सेकंदाला २० टिक. भट्टीत वस्तू भाजायला २०० लिहितात, म्हणजे १० सेकंद. तुम्ही सेकंद समजून १० लिहिलंत तर अर्ध्या सेकंदात भाकरी तयार. रिमवर्ल्डमध्ये एक दिवस म्हणजे ६०,००० टिक. एककाची चूक हे असंतुलनाचं पहिलं कारण असतं आणि ती कागदावरच सापडते.

मग सरासरी काढा. वेस्नॉथमध्ये ‘५-४’ म्हणजे ५ नुकसानीचे ४ वार. समोरचा ६० टक्के बचावाच्या जागेवर उभा असेल तर वार लागायची शक्यता ४० टक्के. सरासरी १.६ वार लागतात, म्हणजे ८ नुकसान. पण सरासरीवर थांबू नका. चारही वार हुकण्याची शक्यता जवळजवळ १३ टक्के आहे, चारही लागण्याची अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आठ लढायांत एकदा खेळणारा हात चोळत बसणार. ते चालेल का, हे आधीच ठरवता येतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते लुटीचं टेबल, म्हणजे शत्रू मारल्यावर काय मिळेल त्याची यादी. ‘५ टक्के शक्यता’ म्हणजे वीस शत्रू मारले की वस्तू मिळणारच, असं वाटतं. हिशेब केला तर वीस मारूनही हात रिकामे राहण्याची शक्यता ३६ टक्के आहे. दहापैकी नऊ खेळाडूंना ती मिळावी असं वाटत असेल तर ४५ शत्रू मारायची तयारी हवी. तेवढे शत्रू तुमच्या नकाशात आहेत का? मोजा. आणि टेबल वजनांचं, म्हणजे आकड्याच्या प्रमाणात वाटा ठरणारं असेल तर नवी ओळ टाकली की जुन्या सगळ्यांचा वाटा घटतो. ६०, ३०, १० अशा वजनांत ५० ची नवी वस्तू टाकली की शेवटची दहा टक्क्यांवरून पावणेसात टक्क्यांच्या खाली येते. तिला तुम्ही हातही लावलेला नसतो.

पैशांचं चक्र तपासा. कुंद्याला पाच दूध आणि दोन साखर लागते. दूध ८ ला, साखर ६ ला, म्हणजे खर्च ५२. कुंदा त्याच दुकानात ७५ ला विकला जातो. प्रत्येक फेरीला २३ नफा, दुकानात दूध अमर्याद. दुसऱ्या दिवशी तुमचा हीरो तलवार ठेवून हलवाई झालेला असेल. प्रत्येक पाककृतीपुढे खर्च आणि विक्री लिहा. नफा असला तर वेळ, माल किंवा कौशल्य यांपैकी कशाची तरी अडचण हवी.

नवा आकडा हवेत ठरवू नका. गेममधल्या तशाच वस्तूंची किमान आणि कमाल बघा आणि पहिल्या खेपेला मधोमध ठेवा. टोकाचा आकडा ज्याने खेळून बघितलंय त्यानेच लिहावा.

फाईल तपासनीसात बरोबर आहे, लॉगमध्ये (गेम स्वतः लिहितो त्या नोंदींच्या फाईलमध्ये) एररही नाही, तरी गेममध्ये काहीच दिसत नाही.

आवृत्ती बघा. माइनक्राफ्टच्या १.२१ मध्ये, २०२४ साली, डेटापॅकमधल्या फोल्डरांची इंग्रजी नावं अनेकवचनातून एकवचनात आली. जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली शंभर टक्के शुद्ध पाककृती नव्या गेमला दिसतच नाही. इंटरनेटवरचे बरेचसे धडे अजून जुनंच नाव शिकवतात. म्हणून कुठलाही धडा वाचण्याआधी त्याची तारीख आणि आवृत्ती बघा आणि चाचणी करणाऱ्याकडे नेमकी कुठली आवृत्ती आहे ते लिहायला बसण्याआधी विचारा.

एआयकडून फाईल लिहून घेतली तर?

घ्या, पण त्यालाही गेम चालवून बघता आलेला नसतो. म्हणजे तुमच्यासारखाच आणखी एक न बघता लिहिणारा, फक्त जास्त आत्मविश्वासाचा. तो दोन आवृत्त्यांच्या की एकत्र करतो आणि शोभतील अशा नव्या की बनवतो. व्याकरण चोख असल्यामुळे पहिली पायरी हमखास पार होते आणि तिथेच लोक निर्धास्त होतात. प्रत्येक की गेमच्या मूळ फाईलमध्ये शोधल्याशिवाय ठेवू नका. माझ्या मते त्याचा खरा उपयोग आयडी जुळवणारा स्क्रिप्ट लिहून घेण्यात आहे, कारण तो स्क्रिप्ट तुम्ही स्वतः चालवून बघू शकता.

चाचणी करणाऱ्याला काय पाठवायचं?

‘दादा, जरा बघून सांग की’ एवढंच नको. काय बघायचं ते त्याला कळत नाही, तो गेम उघडतो, दोन मिनिटं फिरतो आणि ‘मस्त चाललंय’ म्हणतो. असा मेसेज लिहा:

‘दादा, कुंदा आणि करदंट अशा दोन वस्तू आणि कुंद्याची पाककृती आहे. तुझ्याकडच्या आवृत्तीवर लिहिली. जेसॉन तपासलं, आयडी जुळवले, गेममध्ये चालवलेली नाही. तीनच गोष्टी बघ: पाककृती यादीत दिसते का, कुंदा केल्यावर दूध पाचने कमी होतं का, आणि करदंटचं नाव बॅगेत पूर्ण मावतं का. किंमतीबद्दल माझी खात्री नाही, तुला जास्त वाटली तर सांग. काही अडलं तर लॉगची फाईल पाठव, फोटो नको.’

फोटो नको यासाठी, की लॉगमधली कामाची ओळ नेहमी फोटोच्या वर राहिलेली असते. लॉग आला की पहिली एरर आधी वाचा, शेवटची नको. खालच्या कितीतरी एरर पहिलीच्याच पोटातल्या असतात.

एका खेपेत थोडंच पाठवा. चाळीस फाईल एकदम गेल्या आणि गेम उघडेना, तर त्याला निम्म्या काढून, पुन्हा निम्म्या काढून शोधत बसावं लागतं. सहा फेऱ्यांत सापडतं, पण सहा वेळा गेम उघडायला लावणं हा मैत्रीचा दुरुपयोग आहे.

‘टेस्ट केलेलं नाही’ असं खरं लिहिलं तर प्रोजेक्टवाले फाईल घेतील का?

प्रत्येक प्रोजेक्टचे नियम वेगळे, आधी ते वाचा. कॅटॅक्लिझममध्ये बदल पाठवताना भरायच्या नमुन्यात ‘चाचणी’ असा रकानाच आहे. तो रिकामा सोडू नका आणि त्यात थापाही मारू नका. ‘गेममध्ये चालवलेलं नाही. व्याकरण तपासलं, सर्व आयडी जुळवले, जवळच्या वस्तूंशी आकडे ताडून बघितले’ असं लिहा. सांभाळणाऱ्या माणसाला त्यावरून कळतं की आपण स्वतः काय बघायचं राहिलंय. शिवाय मोठ्या प्रोजेक्टमध्ये बदल पाठवला की आपोआप तपासण्या चालतात. तुमच्याकडे मशीन नसलं तरी तिथलं मशीन तुमची फाईल लोड करून बघतं आणि निकाल सगळ्यांना दिसतो. तो लाल आला तर घाबरून बदल मागे घेऊ नका. लाल खुणेवर दाबा, एरर वाचा, दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

फाईल घेतली गेली. आता काम संपलं ना?

पुढची आवृत्ती येईपर्यंत. नवी आवृत्ती आली की तिची बदलांची यादी काढा, तुम्ही वापरलेल्या कींची नावं तिच्यात शोधा आणि आयडी जुळवणारा स्क्रिप्ट पुन्हा एकदा चालवा.